घरी सगळी बरी आहेत

कॉलेजात असतानाच माझा देव सुटला. भांडण वगैरे काही झालं नाही. लहानपणीचा अंगरखा एके दिवशी अंगात शिरेनासा होतो, तसं झालं. पण त्याच्या जागी काहीतरी हवं होतं, आणि नेमके त्याच सुमारास जुन्या ग्रीस-रोममधल्या स्टोइक मंडळींचे विचार इंग्रजीतून वाचायला मिळाले. मी त्यांच्यावर बेहद्द खूष झालो. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, याची आधी वाटणी करायची. आपला विचार, आपला शब्द, आपलं वागणं हे आपलं. शरीर, पैसा, लोकांची मर्जी, जगणं-मरणं हे आपलं नव्हे. जे आपलं नव्हे त्यासाठी रडायचं नाही.

अडचण एकच होती. ही मंडळी देव मानणारी होती. जग कुणा शहाण्या शक्तीच्या हाती आहे, तेव्हा जे घडतं ते योग्यच घडतं, असं त्यांचं म्हणणं. तेवढा भाग मी तांदळातल्या खड्यासारखा वेचून बाजूला टाकला आणि उरलेलं शिजायला घातलं. मला वाटलं, झालं काम.

तेव्हा आम्ही गिरगावात, खोताच्या वाडीच्या जरा अलीकडे, एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको आणि माझी आई. वडील मी लहान असतानाच गेले होते. मी जवळच्याच शाळेत मास्तर होतो. पहाटे थंड पाण्यानं अंघोळ, चहा बंद, गादी सोडून चटईवर झोप, असे माझे प्रयोग चालत. शेजारी मला ‘बिनदेवाचे बुवा’ म्हणत. मी रागावत असे, आणि रागावलो म्हणून पुन्हा स्वतःवरच चिडत असे.

रोज सकाळी मी खिडकीशी डोळे मिटून बसायचो. आईला त्याचा केवढा आनंद! ‘बोलून दाखवत नाही हो, पण मनातल्या मनात नाम घेतो,’ असं ती साऱ्या चाळीला सांगून आली होती. एके दिवशी बायकोनं हळूच विचारलं, ‘‘अहो, जप कुणाचा करता?’’

खरं बोलायचं हे माझं व्रत. मी म्हणालो, ‘‘जप नाही. तू गेली आहेस, अशी कल्पना करतो.’’

‘‘गेले? कुठे?’’

‘‘मेली आहेस.’’

मग मी तिला सगळं समजावून सांगितलं. जे माणूस आपल्याला फार जवळचं, ते गेलं असं रोज घटकाभर मनात आणायचं; म्हणजे खरोखर तसा प्रसंग आला तर मन आधीच तयार असतं. ती ऐकत होती. मग हसून म्हणाली, ‘‘आज कशानं मेले मी?’’ आणि जरा थांबून, ‘‘रडता का तुम्ही?’’

‘‘नाही. तोच तर अभ्यास आहे.’’

 नव्या लुगड्याची घडी होती तिच्या हातात, ती उगीच पुन्हा पुन्हा घालत राहिली.

आई मात्र स्वयंपाकघरातून पळीसकट बाहेर आली. ‘‘अरे, घरात बसून असलं बोलतात? वास्तू तथास्तु म्हणत असते रे!’’

आमच्या घरात हा कायदाच होता. घराची वास्तू दिवसभर प्रत्येक शब्दाला तथास्तु म्हणत बसलेली असते, तेव्हा अभद्र बोलायचं नाही. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नसे, बांगडी वाढवली. दिवा विझवला नाही, शांत केला. घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं की आई हात धरून मागे ओढायची आणि ‘येतो’ म्हणवून घ्यायची. वडील शेवटच्या दुखण्यात पडले होते, तेव्हा मी दारातून विचारायचो आणि ती दर वेळी सांगायची, ‘‘बरे आहेत. जा, खेळ जा.’’ त्यांना तिरडीवरून नेलं त्या दिवशी सकाळीसुद्धा तिनं मला हेच सांगितलं होतं, आणि मी खेळायला गेलो होतो. ती खोटं बोलत नव्हती. बोलून त्यांना बरं करू पाहत होती.

त्या दिवशी तिनं आमच्या दोघांवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. मी चटईवर बसून हसत होतो.

त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर मांडवीकडून गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या बातम्या येऊ लागल्या. आधी लोकांनी त्या हसण्यावारी नेल्या. मग जिन्यात मेलेले उंदीर सापडू लागले, आणि हसणं बंद झालं. शाळा बंद झाली. आमच्या मजल्यावरची बिऱ्हाडं एकेक करून कोकणात निघून गेली, दारांना कुलुपं लागली. आम्हीही गेलो असतो, पण मी पडलो शहाणा. ‘मरण काय फक्त मुंबईतच आहे?’ असं मी आईला ऐकवलं. घरांची तपासणी करायला डॉक्टर आणि शिपाई येऊ लागले, तेव्हा उरलेल्या शेजाऱ्यांना मीच सांगत फिरलो की आजारी माणूस लपवू नका, तपासणी आपल्याच भल्याची आहे.

आणि आतून मी घाबरलो होतो. हे आज सरळ लिहितो, कारण तेव्हा मी कुणालाही कळू दिलं नव्हतं. कपडे बदलताना हात आपोआप काखेत जाई आणि गाठ चाचपून बघे. जरा डोकं दुखलं की तोंडाला कोरड पडे. रस्त्यातून ‘राम बोला’ ऐकू आलं की मी खिडकी लावून घेत असे. भीती ही केवळ आपली कल्पना असते, असं मी स्वतःला समजावत होतो. आणि पुन्हा काख चाचपत होतो. आई देवापुढे बसून रडून घेई आणि मोकळी होऊन उठे. मला माझी भीती नेऊन ठेवायला जागाच नव्हती. तांदळातून वेचून टाकलेला तो खडा किती कामाचा होता, ते मला तेव्हा कळायला लागलं.

एका दुपारी बायको म्हणाली, ‘‘अंग मोडून आल्यासारखं वाटतंय.’’ दिवेलागणीपर्यंत ती तापानं फणफणली. मी तिला विचारलं, जांघेत, काखेत कुठे दुखतंय का? ती म्हणाली, ‘‘सगळंच दुखतंय.’’ मी चाचपून पाहिलं. गाठ लागली नाही. पण गाठ पहिल्याच दिवशी येते असं थोडंच आहे! डॉक्टरला बोलवावं तर तो कळवणार, आणि कळवलं की डोली येऊन तिला इस्पितळात नेणार. आमच्या चाळीतून तिथे गेलेलं कुणीच तोवर परत आलं नव्हतं.

आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘‘म्हण, ती बरी आहे.’’

‘‘काय?’’

‘‘तुझ्या तोंडून अभद्र गेलंय या घरात, रोज सकाळी. आता तुझ्याच तोंडून चांगलं जाऊ दे. म्हण मोठ्यानं, माझी बायको बरी आहे.’’

‘‘आई, ती बरी नाही. डोळ्यांसमोर दिसतंय. खोटं कसं बोलू?’’

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी विसरलेलो नाही. वास्तू, तथास्तु यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. तरीही माझ्या मनात एक आवाज सारखा म्हणत होता, की तू रोज तिला मारत होतास, आता बघ. हा आवाज खुळा आहे हे मला कळत होतं. त्यानं तो थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं खिडकीशी बसलो आणि डोळे मिटले. ती गेली आहे, असं मनात आणायचा प्रयत्न केला, आणि घाबरून डोळे उघडले. इतके दिवस मी जिला मेलेली बघत होतो, ती कुणी दुसरीच होती. ती शांतपणे, नीटनेटकी मरायची आणि मी तिच्याशेजारी गंभीर चेहऱ्यानं उभा असायचो. आज डोळ्यांपुढे आली ती माझ्या खऱ्या बायकोसारखी कण्हत होती, ओठांवर पापुद्रे आले होते, आणि पाणी मागून ते प्यायला विसरत होती. मी पुन्हा तसा बसलो नाही.

तितक्यात खाली बुटांचे आवाज आले. तपासणी आली होती.

आई क्षणभरही गोंधळली नाही. तिनं बायकोला उठवून कोपऱ्यात भिंतीला टेकवून बसवलं, डोक्यावरून पदर ओढला, पुढ्यात वेगळा तांब्या ठेवला आणि स्वतः चार हात लांब झाली. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की ही बाहेरची आहे, महिन्याचे दिवस आहेत, हिला शिवायचं नाही. मी या चालीविरुद्ध चाळीत भाषणं झोडली होती. आता त्याच कोपऱ्याकडे मी जीव मुठीत धरून पाहत होतो.

गोरा डॉक्टर दारात आला, बरोबर एक हवालदार आणि दोन शिपाई. त्या दिवशी त्यांच्यासोबत तपासणारी बाई नव्हती. हवालदारानं कोपऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि संकोचून नजर वळवली. साहेबाला तो हलक्या आवाजात काहीतरी बोलला. साहेब माझ्याकडे वळला. हवालदारानं विचारलं, ‘‘घरात कुणी आजारी आहे का?’’

आई माझ्याकडे बघत होती. माझा शब्द माझ्या हातात होता. सगळं जग हातातून गेलं तरी एवढं एक माझं होतं, आणि मी ते वर्षानुवर्षं जपलं होतं. मी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती.

‘‘स... सगळी ब... बरी आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘घरी सगळी बरी आहेत.’’

साहेबानं माझ्याकडे निरखून पाहिलं. रात्रभर जागून माझे डोळे लाल झाले होते. कपाळावर घाम होता. अडखळतं बोलणं आणि लाल डोळे ही तर या तापाची ठरलेली लक्षणं. त्यानं माझं मनगट धरलं, नाडी पाहिली, आणि हवालदाराला दोनच शब्द सांगितले.

माझी भीती त्याला ताप वाटली होती. बायकोवर कुणाचीही नजर गेली नाही, आणि मला मात्र संशयित म्हणून धरलं. आईनं तोंडावर पदर घेतला. मी निघताना ‘जातो’ म्हणालो की ‘येतो’, मला आठवत नाही.

मला परळच्या मोकळ्या मैदानावर नेलं. तिथे बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या उभारल्या होत्या. एका बाजूला आमच्यासारखे संशयित, पलीकडे खरे आजारी, आणि मध्ये दोरी. आत जाताना तिथल्या कारकुनानं समजावलं की काही दिवस इथे ठेवून बघतील. ताप निघाला नाही तर सोडून देतील. ताप ठरला, तर घरच्या माणसांनाही आणायला जातील.

घरच्या माणसांनाही! म्हणजे माझी नाडी डॉक्टरांच्या हाताखाली पुन्हा धावली, तर ते थेट त्या कोपऱ्यापर्यंत जाणार होते. माझ्या तत्त्वज्ञानाचा खरा उपयोग मला तिथे पहिल्यांदा समजला. घरी मी शांत राहायचा सराव करत होतो तो स्वतःच्या मोठेपणासाठी. इथे शांत राहणं हे काम होतं, पाणी भरण्यासारखं. सकाळ-संध्याकाळ डॉक्टर येत. मी त्यांच्या बुटांच्या नाड्यांकडे बघत बसायचो, कुठली नाडी कशी ओवली आहे, गाठ कुठे आहे, एवढंच डोक्यात ठेवायचो. मग ते पुढे जात, आणि मागे माझे दात वाजायला लागत.

पहिल्याच दिवशी दुपारी कुंपणाशी आई आली. गिरगावातून परळपर्यंत चालत, विधवेचं लाल आलवण नेसलेली, हातात डबा. सोवळं-ओवळं तिनं घरीच ठेवलं होतं. पहारेकऱ्यानं डबा आत सरकवला. बोलायचं ते लांबून, ओरडून.

‘‘घरी सगळी बरी आहेत रे!’’ ती ओरडली.

माझा जीव भांड्यात पडला. ती पाठमोरी झाली आणि मला वडील आठवले. बरे आहेत. जा, खेळ जा.

 मी तिथेच कुंपणापाशी बसलो. आई दुसरं काय सांगणार होती? बायको उठून बसली असती तरी तिनं हेच सांगितलं असतं, आणि बायकोला स्मशानात नेलं असतं तरी हेच. या बाईच्या तोंडून वाईट बातमी कधी निघालेलीच नव्हती, त्यामुळे चांगल्या बातमीला काही अर्थ उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, ‘‘ती कशी आहे?’’ पहारेकरी शेजारीच उभा होता, याहून जास्त विचारता येईना.

‘‘तिला काय धाड भरलीय? बरी आहे!’’

मी आईच्या चेहऱ्यात काही सापडतं का ते शोधत राहिलो. डोळे लाल होते, पण ती उन्हातून चालत आली होती. आवाज बसला होता, पण ती ओरडत होती. डब्यातला स्वयंपाक तिच्या हातचा होता, पण आजारी सुनेला कोण चुलीपुढे बसवतं? काही झालं असतं तर अग्नी द्यायला मला बोलावलं असतं, असं मी स्वतःला सांगायचो. लगेच दुसरं मन म्हणायचं, या दिवसांत कोण कुणासाठी थांबतं? मैदानापलीकडे गिरण्यांच्या चिमण्यांतून धूर निघताना दिसे, आणि दर वेळी मला तो सोनापूरच्या स्मशानाचा वाटे.

माझ्या झोपडीत लालबागचा एक गिरणीकामगार होता, मालवणकडचा. सकाळी उठला की तो गावच्या देवाच्या दिशेनं तोंड करून मोठ्यानं त्याच्याशी बोलायचा, घरच्या थोरल्या माणसाला दटावावं तसा. एकदा त्यानं मला विचारलं, ‘‘मास्तर, तुमी कोणाक हाक मारतास?’’

‘‘कोणालाच नाही.’’

‘‘देव मानणास नाय?’’

‘‘नाही.’’

तो जवळ सरकला. ‘‘मगे भीती वाटली तर करतास काय?’’

‘‘घाबरतो,’’ मी म्हणालो.

त्याला हसू आलं. मलाही आलं. तिथे आल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो होतो. दोन दिवसांनी सकाळी डॉक्टरांनी त्याचा हात धरला आणि लवकर सोडला नाही. त्याला दोरीपलीकडे नेताना मी त्याचं घोंगडं उचलून दोरीपर्यंत नेलं. त्यानं मागे पाहिलं नाही. पुढे त्याचं काय झालं ते मला कळलं नाही.

त्या दिवशी मी फारच घाबरलो. गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो आणि मनात एकच घोकत होतो, माझ्या हातात काय आहे? शोधून शोधून उत्तर मिळालं ते एवढंच, की जेवायचं, झोपायचं आणि संध्याकाळी बुटांच्या नाड्या बघायच्या. ती जिवंत आहे का, हे माझ्या हातात नव्हतं. ते कळून घेणंही माझ्या हातात नव्हतं. आणि ज्याच्या हातात आहे असं म्हणावं, असं कुणी वर नव्हतं. त्या घटकेला कुणीतरी येऊन मला देव देऊ केला असता तर मी घेतला असता की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आई रोज येत होती. रोज तेच ओरडून सांगत होती. मी विचारणंच सोडून दिलं. ती ‘बरी आहेत’ म्हणाली की मी मान हलवायचो, डबा घ्यायचो आणि आत जायचो. तिच्या चेहऱ्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती.

एके दिवशी तिला यायला उशीर झाला. आली ती कपाळाला आठ्या घालून. डबा पहारेकऱ्याच्या हातात आदळला आणि ओरडली, ‘‘आमटी खारट झालीय, पाणी घालून खा!’’

मी मान हलवून वळलो.

‘‘तुझ्या बायकोचे प्रताप! सांगितलं होतं, मी करते म्हणून. ऐकेल तर शपथ. मिठाचा अंदाज म्हणून नाही पोरीला. आईनं काही शिकवून पाठवलंय की नाही, कोण जाणे!’’

मी थांबलो. ‘‘काय म्हणालीस?’’

‘‘खारट, म्हटलं! कानात बोळे घातलेत का?’’

माझी आई मेलेल्या माणसाला बरं म्हणू शकली असती. पण गेलेल्या माणसाला तिनं जन्मात कधी नावं ठेवली नव्हती. आणि एवढी चिडली होती ती! सून सकाळी चुलीपुढे बसली असल्याशिवाय कुठलीही सासू इतकी मनापासून चिडत नाही.

मी तिथेच मातीत बसलो आणि डबा उघडला. आमटी खरंच भयंकर खारट होती, जिभेला झोंबत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवरेना, आणि आवरावं असं वाटेचना. कुंपणापलीकडून आई ओरडत होती, ‘‘अरे, पाणी घाल त्यात, पाणी घाल!’’ पण मी वाटी तोंडाला लावली होती.